गेलेले पैसे आणि न जगलेलं आयुष्य

पत्र :

मी सदतीस वर्षांची आहे. अडीच वर्षांपूर्वी हिशेब विभागातली पक्की नोकरी सोडून फोटोग्राफीकडे वळले. कॅमेरा, तीन लेन्स, स्टुडिओचे दिवे आणि डिप्लोमाची फी यात माझी सगळी बचत गेली. बाबांनीही त्यांच्या निवृत्तीच्या पैशांतून मोठी रक्कम दिली. आता कळून चुकलंय की समारंभांचे फोटो काढणं मला आवडत नाही. आदल्या रात्री पोटात गोळा येतो. पहाटे एकटीने झाडांचे, पक्ष्यांचे फोटो काढायला मात्र अजूनही आवडतं. डिप्लोमाचं शेवटचं सत्र उरलंय आणि ते समारंभांच्या नि स्टुडिओच्या कामाचंच आहे. त्याची फी पुढच्या महिन्यात भरायची आहे. 'इतकं घातलंस, आता एवढ्यासाठी काय सोडतेस,' असं घरचे म्हणतात आणि मलाही ते पटतं. दुसरीकडे, माझ्याबरोबर एकाच दिवशी रुजू झालेली मैत्रीण आज त्या विभागाची प्रमुख आहे. नोकरी सोडली नसती तर ती खुर्ची माझी असती, हा विचार रोज रात्री छळतो. एका ओळखीच्या संस्थेचे हिशेब महिन्यातून दोनदा बघून देते. तिथे वेळ कसा जातो कळत नाही, पण ते काय, किरकोळ काम. फी भरू की नको?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा फीचा प्रश्न दिसला, दुसऱ्यांदा मैत्रिणीची खुर्ची दिसली. तिसऱ्या वाचनात लक्षात आलं ते असं : पत्रातला बहुतेक मजकूर खर्च होऊन गेलेल्या पैशांबद्दल आणि सोडून दिलेल्या नोकरीबद्दल आहे. या दोन्ही गोष्टी आता तुमच्या हातात नाहीत. ज्या दोन हातात आहेत, म्हणजे पहाटेचा कॅमेरा आणि संस्थेचे हिशेब, त्यांचा नुसता ओझरता उल्लेख आहे. त्यातल्या एकीला तर तुम्ही स्वतःच 'किरकोळ' म्हणून बाजूला सारलं आहे.

तारीख जवळ आली आहे म्हणून उत्तर आधी सांगते. तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून मी म्हणेन, फी भरू नका. पण केवळ मी म्हणते म्हणून तुम्ही तसं करावं असं मला वाटत नाही. या उत्तरापर्यंत मी कशी आले ते सांगते. वाटेत तुम्हाला काही वेगळं दिसलं, तर तुमचं खरं मानायचं.

एक कोरा कागद घ्या आणि मधोमध रेघ ओढा. डावीकडे फी भरल्यावर पुढच्या वर्षभरात काय होईल ते लिहा, उजवीकडे न भरल्यास काय होईल ते. आता आजवर घातलेली रक्कम कुठल्या बाजूला लिहाल? ती दोन्हीकडे लिहावी लागेल, कारण फी भरली तरी ती गेलेली आहे आणि नाही भरली तरी गेलेलीच आहे. तुम्ही हिशेबातल्या आहात. दोन्ही बाजूंना सारखीच असलेली रक्कम फरक काढताना खोडली जाते, हे तुम्हाला मी काय सांगणार. अर्थशास्त्रात याला बुडीत खर्च म्हणतात. कागदावर तो सहज खोडता येतो, मनातून जात नाही.

का जात नाही, याचा एक साधा प्रयोग आहे. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या संशोधकांनी १९८५ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका विद्यापीठाच्या नाट्यगृहात संपूर्ण हंगामातल्या नाटकांची एकत्रित तिकिटं विकली जात होती, किंमत १५ डॉलर. खिडकीशी आलेल्या पहिल्या साठ जणांपैकी काहींना पूर्ण किमतीत तिकीट दिलं, काहींना २ डॉलर सूट दिली, काहींना ७ डॉलर. सूट कोणाला मिळणार हे निव्वळ योगायोगाने ठरलं होतं, त्यामुळे एका गटाला नाटकांची आवड जास्त आणि दुसऱ्याला कमी असं काही नव्हतं. तरीही हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. खिशातून जास्त गेलेल्या दोन किंवा सात डॉलरनी संध्याकाळी घराबाहेर पडायचं की नाही हे ठरवलं. हंगामाच्या उत्तरार्धात मात्र हा फरक जवळजवळ उरला नाही.

ही शेवटची गोष्ट तुमच्यासाठी फार महत्त्वाची आहे. जॉन गॉरव्हिल आणि दिलीप सोमण यांनी १९९८ मध्ये व्यायामशाळेच्या सभासदांबद्दल असंच काहीसं दाखवलं. तिथे वर्गणी वर्षातून दोनदा भरायची होती. वर्गणी भरल्यानंतर लोकांची हजेरी वाढायची, मग महिन्यामागून महिना उतरत जायची, आणि पुन्हा वर्गणी भरली की पुन्हा वर चढायची. पैसे दिल्याची कळ ताजी असते तोवर माणूस जातो, कळ ओसरली की पाय जड होतात. उद्या तुम्ही फी भरलीत तर पहिले दोन-तीन महिने एकही तास चुकवणार नाही. घरचे म्हणतील, बघ, लागली ना गोडी! तुम्हालाही तसं वाटेल. ती गोडी फोटोग्राफीची नसेल, नुकत्याच भरलेल्या पावतीची असेल. मला जास्त काळजी याची वाटते, कारण त्या दोन-तीन महिन्यांच्या भरवशावर तुम्ही त्याहून मोठा खर्च करायला निघाल.

हे सगळं वाचून स्वतःला मूर्ख म्हणू नका. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी चावणाऱ्या बुटांचं उदाहरण दिलं आहे : बूट जितके महाग, तितक्या जास्त वेळा आपण ते घालून बघतो, आणि घालणं सोडल्यावरही ते तितकेच जास्त दिवस कपाटात राहतात. हे बूट बहुतेकांच्या कपाटात असतात. नावडलेलं पुस्तक शेवटपर्यंत रेटणं, अर्धा तास बसची वाट पाहिली म्हणून रिक्षा न करणं, हे त्यातलंच. आणि यामागे वाईट काही नाही. आर्क्स आणि पीटर एटन यांनी १९९९ मध्ये मांडलं होतं की 'काही वाया घालवू नये' हा एरवी चांगला असलेला नियम आपण जिथे लागू पडत नाही तिथेही लावतो. मला हे पटतं. तुमच्यावरचा संस्कार चांगला आहे, तो फक्त चुकीच्या ठिकाणी वापरला जातोय. फी भरून मागचे पैसे वाचत नाहीत. पुढचे पैसे मात्र जातात, आणि त्यांच्याबरोबर काही महिन्यांची झोपही.

मात्र 'गेलं ते गेलं' म्हणून सगळ्यावरच पाणी सोडू नका. बुडीत नेमकं काय आहे, हे नीट वेगळं करा. भरलेली फी बुडाली. दिवे, लेन्स आणि कॅमेरा बुडालेले नाहीत, ते आजही विकता येतात. कॅमेऱ्याच्या बॉडीची किंमत नवं मॉडेल आलं की लवकर उतरते, चांगल्या लेन्सची त्या मानाने टिकते. त्यामुळे कपाटात पडून असलेली वस्तू 'आपलीच आहे, राहू दे' इतकी निरुपद्रवी नसते. दर महिन्याला ती थोडी थोडी खर्च होत असते.

प्रत्येक वस्तूसाठी एकच प्रश्न विचारा : ही आज माझ्याकडे नसती आणि आज विकून जेवढी रक्कम येईल तेवढी रोख हातात असती, तर मी आज ही वस्तू घेतली असती का? दिव्यांबाबत तुमचं उत्तर काय असेल याचा मला अंदाज आहे. कॅमेरा आणि पक्ष्यांसाठी वापरता ती लेन्स यांचं उत्तर कदाचित 'हो' येईल. आलं तर ती दोन्ही निःशंकपणे ठेवा. खरेदीच्या वेळी किती मोजले होते, हे त्या उत्तरात येता कामा नये.

जे शिकलात तेही बुडालेलं नाही. प्रकाश ओळखणारी नजर डिप्लोमा अर्धवट सोडला म्हणून कोणी काढून घेणार नाही.

आता बाबांचे पैसे. पत्रात त्यांच्यावर एकच वाक्य आहे, तरी मला वाटतं सगळ्यात घट्ट गाठ तिथेच आहे. स्वतःचे पैसे बुडाले तर माणूस स्वतःला समजावतो. दुसऱ्याने आपल्यासाठी घातलेले पैसे समजावता येत नाहीत. क्रिस्टोफर ऑलिव्होला यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की खर्च दुसऱ्याने केलेला असला तरी माणसं तशीच अडकतात, अगदी तो दुसरा जवळचा नसला तरीही. इथे तर वडील आहेत.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. बाबांनी दिलेली रक्कम परत करायची आहे असं तुमचं ठरलं असेल, तर ते देणं खरं आहे. कागदाच्या दोन्ही बाजूंना ते लिहा आणि मग बघा, कुठल्या बाजूने ते लवकर फिटतं. समारंभांच्या कामातून, की हिशेबाच्या कामातून? फी भरणं म्हणजे बाबांची परतफेड नव्हे. ते पैसे त्यांच्याकडे जात नाहीत, डिप्लोमाच्या संस्थेकडे जातात. आणि रक्कम परत करायची नसेल, ती त्यांनी मायेने दिली असेल, तर ती कशासाठी दिली होती हे त्यांनाच विचारा. मुलीने प्रमाणपत्र आणावं म्हणून, की मुलीला रोज सकाळी उठून कामाला लागावंसं वाटावं म्हणून? त्यांचं उत्तर तुम्ही मनातल्या मनात ठरवून टाकलं आहे आणि त्या ठरवलेल्या उत्तराचं ओझं वाहता आहात.

खुर्चीकडे येते.

डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये लोकांसमोर एक प्रसंग ठेवला होता. दोन प्रवासी एकाच गाडीतून विमानतळावर जातात, रहदारीत अडकतात आणि अर्धा तास उशिरा पोचतात. एकाला कळतं, त्याचं विमान वेळेवर सुटलं. दुसऱ्याला कळतं, त्याच्या विमानाला उशीर झाला होता, ते पाचच मिनिटांपूर्वी गेलं. जास्त हळहळ कोणाला वाटेल? ९६ टक्के लोकांनी दुसऱ्याचं नाव घेतलं. विमान तर दोघांचंही चुकलं. नुकसान सारखं आणि दुःख वेगळं, कारण दुसऱ्याला ती पाच मिनिटं पुसून टाकणं मनात फार सोपं जातं. सिग्नल एक आधी सुटला असता तर, लिफ्ट लवकर आली असती तर.

तुमची मैत्रीण तुमच्याबरोबर एकाच दिवशी रुजू झाली, हे तुम्ही मुद्दाम लिहिलंत. तीच तुमची पाच मिनिटं. ती दहा वर्षं आधी लागलेली असती किंवा दुसऱ्या विभागात असती, तर तिच्या बढतीने तुम्हाला आनंदच झाला असता. काय गमावलं यापेक्षा ते किती जवळून गेलं, यावर ही टोचणी ठरते. म्हणून तिच्या तीव्रतेवरून आपली चूक मोजायला जाऊ नका.

या कल्पनेतल्या आयुष्यात आणखी एक खोट असते : त्याला खर्चाची बाजूच नसते. दुरून डोंगर साजरे ही म्हण इथे चपखल बसते, कारण या डोंगरावर तुम्ही कधी जाणारच नाही आहात, म्हणजे तो कायम साजराच राहणार. तुमच्या पत्रात नोकरी का सोडली याबद्दल एक शब्द नाही. पक्की नोकरी सोडून सगळी बचत पणाला लावणाऱ्या बाईला काहीतरी सबळ कारण असणार. ते अडीच वर्षांत पुसलं गेलं आणि खुर्ची तेवढी उरली. आज रात्री तो विचार आला की त्याला हाकलू नका, पूर्ण करा. त्या आयुष्यातला एक साधा मंगळवार सकाळपासून रात्रीपर्यंत लिहून काढा. कोण कोण भेटेल, कुठल्या बैठकीत बसावं लागेल, कोणाच्या चुका निस्तराव्या लागतील, आणि जे तेव्हा सहन झालं नव्हतं ते विभागप्रमुख झाल्यावर कमी होतं की वाढतं. मैत्रिणीशी बोलणं असेल तर तिलाच विचारा, ती मोकळेपणाने सांगेल.

आणि नोकरी सोडली नसती तर? आज तुम्ही त्या खुर्चीत बसून कदाचित दुसरं पत्र लिहिलं असतं : 'फोटोग्राफी करून बघायला हवी होती.' थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९०च्या दशकात पश्चात्तापावर बरंच काम केलं. नजीकच्या काळाकडे पाहताना केलेल्या गोष्टींची खंत जास्त असते आणि आयुष्याकडे मागे वळून पाहताना न केलेल्या गोष्टींची, असं त्यांना आढळलं. तुम्ही ती गोष्ट करून पाहिलीत. तिची किंमत मोजलीत, ती छोटी नव्हती. पण म्हातारपणी 'राहूनच गेलं' म्हणायच्या यादीत ती नसेल.

आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं म्हणून आपल्याकडे जर-तरचं बोलणं लगेच तोडतात. मला ते पूर्ण पटत नाही. काही जर-तर कामाचे असतात. 'जर मी आधी चार-सहा समारंभांत कोणाच्या हाताखाली काम करून पाहिलं असतं, तर एवढं सामान घेण्याआधीच कळलं असतं.' हाही तुमच्याच भूतकाळाबद्दलचा विचार आहे, पण त्याच्या शेवटी पुढच्या वेळी करायची एक कृती आहे : मोठा खर्च करण्याआधी छोटं करून बघायचं. हा जर-तर जपून ठेवा. खुर्चीच्या विचाराच्या शेवटी काय आहे ते शोधून पाहा. तिथे करण्यासारखं काहीच सापडलं नाही, तर तो विचार तुम्हाला शिकवत नाही, नुसतं जागं ठेवतो.

आता ज्या गोष्टीसाठी मला हे पत्र सविस्तर लिहावंसं वाटलं, ती. तुम्ही विचारलंत, 'फी भरू की नको?' यातल्या 'भरू'ला चेहरा आहे : सत्र, वर्ग, प्रमाणपत्र, घरच्यांचं समाधान. 'नको'ला काहीच नाही. ती रिकामी जागा आहे, म्हणून ती हार वाटते. शेन फ्रेडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक छोटासा बदल करून पाहिला. १४.९९ डॉलरचा एक आवडेल असा व्हिडिओ घ्यायचा की नाही, असं लोकांना विचारलं. पर्याय 'घेणार' आणि 'घेणार नाही' असे होते तेव्हा २५ टक्के लोकांनी नकार दिला. दुसऱ्या गटासाठी नकाराचा पर्याय फक्त असा लिहिला : 'घेणार नाही, हे १४.९९ डॉलर दुसऱ्या खरेदीसाठी ठेवणार.' नकार देणारे ४५ टक्के झाले. न घेतलेल्या वस्तूचे पैसे आपल्याकडेच राहतात हे कोणाला माहीत नव्हतं? सगळ्यांना होतं. फक्त समोर दिसत नव्हतं.

तुमच्या 'नको'च्या पुढचं वाक्य लिहून पूर्ण करा. 'फी भरणार नाही, त्या पैशांत आणि त्या तासांत मी...' अडीच वर्षांत हिशेबाची सॉफ्टवेअर बदलली असतील, कराचे नियम बदलले असतील, ते शिकून घेता येईल. आणखी दोन संस्थांची कामं घेता येतील. आठवड्यातल्या तीन पहाटा पक्ष्यांसाठी मोकळ्या ठेवता येतील, आणि त्या पहाटांवर कोणाचं बिल चुकतं करण्याची जबाबदारी नसेल. संस्थेच्या हिशेबात वेळ कसा जातो कळत नाही, असं लिहून तुम्ही त्याच वाक्यात ते काम किरकोळ ठरवलंत. कोणाशी तुलना करून? त्या खुर्चीशी. जी मिळूच शकत नाही, त्या गोष्टीने मिळू शकणाऱ्या गोष्टीची किंमत पाडली. पैशांनीही तेच केलं : गेलेल्या रकमेने पुढच्या रकमेचा विचार करू दिला नाही.

माझं उत्तर एका परिस्थितीत बदलेल, ते सांगायला हवं. आधी किती घातलं हे विसरून, उरलेला खर्च आणि त्यातून पुढे होणारी मिळकत एवढंच बघितलं, तरी सत्र पूर्ण करणं फायद्याचं ठरू शकतं. त्या प्रमाणपत्राशिवाय मिळणार नाही असं एखादं काम तुम्हाला मनापासून करायचं असेल, उदाहरणार्थ फोटोग्राफी शिकवणं, तर फी भरा आणि ते सत्र सोसा. पण मग ते काम कोणतं, कुठे, आणि तिथे खरंच प्रमाणपत्र मागतात का, हे फी भरण्याआधी फोन करून विचारा. 'कधीतरी उपयोगी पडेल' हे उत्तर धरू नका. शिवाय डिप्लोमाच्या संस्थेकडे लेखी चौकशी करा की शेवटचं सत्र वर्षभर पुढे ढकलता येतं का, आणि तोवर आधीचे गुण ग्राह्य राहतात का. राहत असतील तर पुढच्या महिन्याची तारीख तुम्हाला वाटते तितकी अंतिम नाही.

घरच्यांनाही दुखवायचं कारण नाही. 'इतकं घातलंस' असं कोणी म्हणालं, तर वाद न घालता 'हो, घातलं' एवढं म्हणा आणि मग कागद पुढे करा. उजव्या बाजूला काहीतरी लिहिलेलं दिसलं की माणसं वेगळं बोलतात.

बाबांकडे मात्र कागद घेऊन जाऊ नका. पहाटे काढलेल्यांपैकी तुम्हाला सगळ्यात आवडलेले चार फोटो निवडा, चांगल्या कागदावर छापून घ्या आणि ते घेऊन जा. आधी त्यांना ते बघू द्या. समारंभांचं काम जमत नाही, हे त्यानंतर सांगा, आणि पैशांचा विषय त्यांनी काढायची वाट न पाहता तुम्हीच काढा. त्या आधी, या आठवड्यातच, त्या ओळखीच्या संस्थेत विचारून ठेवा : महिन्यातून दोनदाऐवजी चारदा आले तर चालेल का?